पियानो शिक्षकांच्या परिषदेला पहिल्यांदा जाताना

मी न्यू जर्सीत घरी पियानो शिकवते. दुपारी साडेतीनला शाळेची बस येऊन जाते, पावणेचारला पहिलं मूल दारात उभं असतं आणि रात्री आठला शेवटचं मूल बूट घालून निघतं. मधल्या वेळात एखाद्याचा डावा हात अडला, एखादी मुलगी वर्षभर घोटूनही नोटेशन वाचेना, तर विचारायचं कुणाला? शाळेतल्या शिक्षकांना स्टाफरूम असते. तिथे चहा घेता घेता बाजूच्या बाईंना विचारता येतं, ‘तुमच्या वर्गात तो कसा वागतो हो?’ घरी क्लास घेणाऱ्याला ती सोय नाही. परिषद ही आमची स्टाफरूम, वर्षा-दोन वर्षांतून एकदा भरणारी. इकडे नव्याने क्लास सुरू केलेल्या मराठी मैत्रिणी मला नेहमी विचारतात की तिथे जायचं कसं, आणि जाऊन करायचं काय. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कुठली परिषद ते ठरवा

सुरुवात आपल्या राज्यापासून करा. म्युझिक टीचर्स नॅशनल असोसिएशन, म्हणजे बोलण्यातली एमटीएनए, ही इथली जुनी संघटना. थिओडोर प्रेसर यांनी ती १८७६ साली ओहायोतल्या डेलावेअर नावाच्या गावात सुरू केली. तिच्या राज्यवार शाखा आहेत आणि बऱ्याच शाखा आपापली छोटी परिषदही भरवतात. अशा परिषदेला गाडीने जाता येतं, चेहरे ओळखीचे होतात आणि चुकलंमाकलं तरी फारसं बिघडत नाही.

एमटीएनएची राष्ट्रीय परिषद दरवर्षी, बहुतेक वेळा मार्चमध्ये असते आणि शहर बदलत जातं. २०२४ साली ती अटलांटाला झाली, २०२५ साली मिनियापोलिसला. या दोन्ही वेळा ती शनिवारी सुरू होऊन बुधवारपर्यंत चालली. तिथे पियानोखेरीज गाणं आणि इतर वाद्यं शिकवणारेही येतात. संघटनेच्या विद्यार्थी स्पर्धांच्या राष्ट्रीय अंतिम फेऱ्याही तिथेच होतात. एखादी फेरी बसून नक्की ऐका. आपल्या विद्यार्थ्याला पुढे कुठवर जाता येईल, हे तिथे कानांनी कळतं.

फक्त पियानो शिकवण्याबद्दलच ऐकायचं असेल, तर फ्रान्सिस क्लार्क सेंटर या पियानो शिक्षणाला वाहिलेल्या संस्थेची परिषद गाठा. ती एनसीकेपी या नावाने ओळखली जाते, २००१ पासून विषम वर्षांत भरते आणि अलीकडे जुलैच्या उत्तरार्धात शिकागोजवळच्या लोम्बार्डला असते. सगळं एकाच हॉटेलात असल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याची धावपळ होत नाही. तिचा ऑनलाइन भागही असतो. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात राहून पियानो शिकवणाऱ्यांनी व्हिसा आणि तिकिटाच्या विचारात पडण्याआधी त्यापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. युरोपात असाल तर एप्टा (युरोपियन पियानो टीचर्स असोसिएशन) ही पियानो शिक्षकांची संघटना आहे, १९७८ साली लंडनमध्ये कॅरोला ग्रिंडिया यांनी सुरू केलेली. शाळेत संगीत शिकवणाऱ्यांनी आयस्मेकडे, म्हणजे इंटरनॅशनल सोसायटी फॉर म्युझिक एज्युकेशनकडे पाहावं. १९५३ पासूनची ही जागतिक संस्था सम वर्षांत परिषद घेते.

माझा क्रम असा होता: दोन वर्षं राज्याची परिषद, मग लोम्बार्ड, मग एमटीएनए. पुन्हा करायची वेळ आली तरी मी हाच क्रम धरीन.

पैसे आणि सुट्टी

नोंदणी लवकर केली की शुल्क कमी लागतं, सभासदाला आणखी कमी. हॉटेलात परिषदेच्या पाहुण्यांसाठी ठरावीक दराच्या खोल्या राखून ठेवलेल्या असतात आणि त्या संपतात, म्हणून खोली आधी घ्या आणि विमानाचं तिकीट नंतर. खोलीत जोडीदारीण मिळाली तर खर्च निम्मा होतो. नोंदणी, प्रवास, राहणं यांची प्रत्येक पावती जपा. स्वतःचा क्लास चालवणाऱ्याला अमेरिकेत हा व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो, जेवणाचा साधारण निम्मा. तुमच्या हिशेबनिसाला एकदा विचारून घ्या. हे मला चौथ्या वर्षी कळलं.

पालकांना तारखा सप्टेंबरातच सांगून टाका. वर्षाचं वेळापत्रक देतानाच त्या आठवड्यापुढे लिहायचं, ‘शिक्षक परिषदेसाठी क्लास बंद’. मी सुरुवातीला संकोचाने ‘बाहेरगावी आहे’ एवढंच लिहायचे. आता खरं कारण लिहिते, आणि परत आल्यावर पालक आपणहून विचारतात, ‘काय नवीन शिकून आलात?’

प्रश्नवही

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

जायच्या आधीच्या आठवड्यात एक साधी वही घ्या आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ओळ लिहा. ‘वाचनात कच्चा’ असं मोघम लिहू नका. काय दिसतं ते लिहा. माझ्या एका वहीतल्या ओळी अशा होत्या: ‘न., वय आठ. उजवा हात नीट वाचते, डावा आला की सगळे स्वर एक पट्टी खाली.’ ‘अ., वय बारा. एकटा वाजवताना लय पक्की, मी बरोबर वाजवलं की पळतो.’ ‘आजोबा, वय एकाहत्तर. चौथं बोट उचलत नाही, त्याची लाज वाटते, म्हणून क्लास चुकवतात.’

अशा वीस-बावीस ओळी झाल्या की दोन-तीन तुमच्याकडे बघायला लागतात. त्यांच्याभोवती चौकट करा. परिषदेत कुठे बसायचं, कुणाला गाठायचं, कुठलं पुस्तक उघडायचं, हे सगळं त्या चौकटी ठरवतील. माझ्या पहिल्या परिषदेला मी वही न नेता गेले होते. दोन दिवसांत अकरा सत्रं ऐकली, पन्नासेक पानं टिपणं काढली आणि पुढच्या सोमवारी मुलं आली तेव्हा त्यातलं काहीही माझ्या हाताशी नव्हतं. फार वाईट वाटलं होतं.

वेळापत्रक कसं वाचायचं

एकाच वेळी पाच-सहा खोल्यांत सत्रं चालू असतात आणि नवखा माणूस गोंधळतो तो इथेच. प्रकार ओळखून घ्या. सगळ्यांसाठीचं बीजभाषण असतं. त्यानंतर वेगवेगळ्या खोल्यांतली व्याख्यानं असतात, तीन-चार जणांची चर्चा असते. भिंतीवर संशोधनाची पोस्टर्स लावलेली असतात आणि ती करणारी माणसं शेजारी उभी असतात. हा भाग कुणी चुकवू नये, कारण तिथे समोरासमोर हवं ते विचारता येतं. संध्याकाळी मैफली असतात. प्रकाशकही आपापल्या नव्या पुस्तकांची सत्रं घेतात. ती जाहिरातच असते हे ध्यानात ठेवून जावं, पण तासाभरात तीस-चाळीस नव्या रचना वाजवून दाखवतात आणि कधी कधी पुस्तकं भेटही देतात.

दिवसाला चारपेक्षा जास्त सत्रं घेऊ नका. तीन तुमच्या चौकटींसाठी, एक अगदी अनोळखी विषयाचं. त्या चौथ्या सत्राने मला दोनदा काही वेगळंच दिलं.

पहिल्यांदा ते सत्र एडविन गॉर्डन यांच्या विचारावर होतं. गॉर्डन हे अमेरिकन संगीतशिक्षणतज्ज्ञ, १९२७ ते २०१५ हा त्यांचा काळ. त्यांनी ‘ऑडिएशन’ असा शब्द घडवला. समोर आवाज नसताना स्वर मनात ऐकू येणं आणि तो नुसता ऐकू न येता कळणं, असा त्याचा अर्थ. मूल जसं आधी बोलतं आणि मग वाचतं, तसंच संगीतातही आधी कान आणि गळा, मग कागद, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकत होते आणि डोळ्यांसमोर माझे पेटीचे गुरुजी येत होते. पांढरी एकचा सा धरून पाच स्वर गळ्यातून नीट निघाल्याशिवाय ते मला पेटीला हात लावू द्यायचे नाहीत. ‘आधी गळ्यात, मग बोटात’, हे त्यांचं रोजचं वाक्य. पियानो शिकवायला लागल्यावर मी ते सगळं बाजूला ठेवलं होतं. सरगम म्हणायला लावणं म्हणजे ‘खरं’ पियानो शिकवणं नव्हे, अशी माझी समजूत होती. त्या खोलीत ती समजूत गेली. पुढच्या आठवड्यापासून माझ्याकडची मुलं प्रत्येक नवी ओळ वाजवण्याआधी गातात, अजूनही गातात. डावा हात एक पट्टी खाली वाचणारी न. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच थांबून म्हणाली, ‘हे मी गायले तसं नाही वाजलं.’

दुसऱ्यांदा विषय होता फ्लॉरेन्स प्राइस. १८८७ ते १९५३ या काळातली ही कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार. तिची पहिली सिंफनी १९३३ साली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवली. पुढे तिचं नाव मागे पडलं, आणि २००९ साली इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावातल्या एका पडक्या घरात तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. ती स्वतः पियानो शिकवायची आणि मुलांसाठी तिने पुष्कळ छोट्या रचना केल्या, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मास्टरक्लासमध्ये नजर कुठे ठेवायची

मास्टरक्लास म्हणजे एखादा अनुभवी शिक्षक सगळ्यांसमोर एका विद्यार्थ्याला शिकवतो तो तास. तिथे आपण सगळे विद्यार्थ्याच्या बोटांकडे बघतो. बघायचं शिकवणाऱ्याकडे. तो आधी काय बोलतो, किती बोलतो, कधी गप्प राहतो?

मी पाहिलेल्या एका मास्टरक्लासमध्ये अकरा वर्षांची मुलगी सोनाटिना, म्हणजे सोनाटाची छोटी, सोपी रचना वाजवत होती. डाव्या हाताचं खळखळतं वादन इतकं जड की उजव्या हातातली चाल बुडून जात होती. मी असते तर ‘डावा हात हळू’ म्हणाले असते. बाई तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘तुला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं?’ मुलीने उजव्या हाताची एक ओळ वाजवून दाखवली. ‘मग डावा हात पट्ट्यांवर नुसता फिरू दे. बोटं हलू देत, आवाज नको.’ मुलीला सुरुवातीला जमेना, दोन्ही हात एकदम मुके झाले. तिसऱ्या खेपेला जमलं. उजव्या हाताची चाल एकटी, स्वच्छ ऐकू आली आणि मुलीचे खांदे खाली आले. ‘आता डाव्याला जरासा आवाज दे, पण ही चाल ऐकू येईल इतकाच.’ झालं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागली आणि त्यात बाई चार वाक्यं बोलल्या. मी वहीत ती चार वाक्यं लिहिली, वेळेसकट.

पुस्तकांचं दालन

प्रकाशकांची टेबलं मांडलेलं मोठं दालन असतं. तिथे हरखून जायला होतं, विमानात तेवीस किलोची मर्यादा असते आणि कागद जड असतो. पहिल्या दिवशी नुसतं बघा, खरेदी शेवटच्या आदल्या दिवशी करा. बऱ्याच ठिकाणी सवलत असते आणि काही जण घरपोच पाठवतात.

लहान मुलांसाठीचं पुस्तक पारखायचं असेल तर पहिलं पान उघडू नका, पहिली पानं सगळ्यांचीच गोड असतात. विसाव्या-पंचविसाव्या पानाच्या सुमाराला उघडा. प्रत्येक स्वरावर बोटाचा आकडा छापला आहे का ते बघा. असेल, तर मूल आकडे वाचणार, स्वर नाही. हात एकाच जागी किती पानं राहतो, आणि हलतो तेव्हा मुलाला त्याचं कारण कळेल का? नवीन गोष्ट आली की ती पक्की व्हायला किती गाणी दिली आहेत? शिक्षकाने बरोबर वाजवायची साथ छापली असेल तर दालनातल्या पियानोवर बसून ती वाजवा. साथ सुंदर असेल तर मूल त्याच चार स्वरांसाठी दहा वेळा बसतं.

वाचन शिकवण्याची पद्धत कुठली, हेही विचारा. काही पुस्तकं दोन्ही अंगठे मधल्या सीवर, म्हणजे पियानोच्या मध्यावरच्या सी स्वरावर ठेवून सुरुवात करतात. काही पहिल्यापासूनच वेगवेगळ्या स्केलमध्ये हात फिरवतात. तिसरी वाट म्हणजे खुणेचे स्वर. नोटेशनच्या खालच्या ओळींतला एफ, मधला सी आणि वरच्या ओळींतला जी हे तीन ओळखायचे आणि बाकीचे त्यांच्यापासूनच्या अंतराने शोधायचे. फ्रान्सिस क्लार्क (१९०५–१९९८) यांनी ही वाट रुळवली. ज्यांच्या नावाचं केंद्र लोम्बार्डची परिषद घेतं, त्या याच. सरगमवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही वाट सोपी जाते, कारण ‘सा’पासून गंधार किती दूर हे आपल्या कानांना आधीच ठाऊक असतं.

याच दालनात कधी कधी अरुंद पट्ट्यांचा पियानो ठेवलेला असतो. दिसला तर त्यावर बसल्याशिवाय परत येऊ नका. नेहमीच्या पियानोवर एक सप्तक साडेसहा इंचांचं असतं, म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटर. डीएस नावाच्या मापात सहा इंचांचं आणि साडेपाच इंचांचं अशी दोन सप्तकं मिळतात. माझा हात लहान आहे. एका सीवरून पुढच्या सीवर करंगळी पोचायला मनगट वाकवावं लागतं आणि दहा मिनिटांत दंड भरून येतो. साडेपाच इंचांच्या पट्टीवर हात ठेवला आणि करंगळी पलीकडे जाऊन वर जागा उरली. वीस वर्षं मी ‘रियाज कमी पडतो’ म्हणून स्वतःला बोल लावत होते. त्या दिवसापासून लहान हाताच्या मुलीला मी सप्तकातला एक स्वर सोडायला सांगते, किंवा दोन्ही स्वर एकदम न वाजवता एकामागून एक वाजवायला सांगते. हात ताणायला लावत नाही.

माणसं

गळ्यात घालायच्या नावाच्या पाटीवर आपलं नाव बोलतात तसंच लिहा आणि उच्चार एकदा सावकाश सांगा. ‘तुम्ही कुणाला शिकवता?’ या एका प्रश्नाने तिथे कुणाशीही बोलणं सुरू होतं. सकाळच्या नाश्त्याला रिकाम्या टेबलावर बसू नका. जिथे दोघी-तिघी बसल्या आहेत तिथे विचारून बसा. नाही कुणी म्हणत नाही. आजोबांच्या चौथ्या बोटाचा प्रश्न मला अशाच एका टेबलावर सुटला. समोरच्या बाई फक्त निवृत्त लोकांना शिकवायच्या. ‘बोटाचं नावच काढू नका. त्यांना आवडतं ते गाणं त्या बोटाशिवाय बसवून द्या’, त्या म्हणाल्या. मी तसं केलं आणि आजोबा परत यायला लागले.

शाल बरोबर घ्या, सभागृहांत थंडी असते. बूट चालायचे घाला. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या अर्जातच लिहा आणि तरीही दशम्या किंवा चिवडा पिशवीत असू द्या. दुपारी एक तास खोलीवर जाऊन पडा. सत्र चुकलं तरी चालेल.

परत आल्यावर

विमानात वही उघडा. चौकटीतल्या प्रत्येक मुलासमोर एकच गोष्ट लिहा, पुढच्या क्लासला करून बघण्याची. एका मुलाला एकच. बाकीची टिपणं पिशवीत राहू द्या, महिन्याने काढा. भेटलेल्यांपैकी दोघा-तिघांना आठवड्याच्या आत चार ओळी लिहा, त्यांनी सांगितलेलं करून बघितलं तर काय झालं तेही कळवा. माझ्या आजच्या तीन जवळच्या सहकारी अशाच पत्रांतून मिळाल्या.

दोन-तीन परिषदा झाल्या की स्वतः बोलायचा विचार करा, आधी राज्याच्या परिषदेत किंवा पोस्टरने. प्रस्ताव बरेच महिने आधी मागवतात, म्हणून तारीख परत आल्याच्या आठवड्यातच टिपून ठेवा. विषय लांब शोधू नका. सरगमने कान तयार करून मग नोटेशनकडे कसं वळायचं, हे आपल्यापैकी कितीतरी जणी रोज करतात आणि तिथल्या शिक्षकांना ते खरोखर ऐकायचं असतं. प्रस्तावात शिक्षक काय घेऊन जातील ते पहिल्या दोन ओळींत लिहा. वीस मिनिटं मिळाली तर सोळा मिनिटांचंच बोलणं तयार करा, कारण वाजवून दाखवण्यात चार मिनिटं सहज जातात. आणि पहिली स्लाइड उघडण्याआधी पियानोवर बसून तुमचं मूल जसं चुकत होतं, अगदी तसं वाजवून दाखवा.